सार्वजनिक आरोग्याची पहिली पायरी

बेंगळुरूत सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकू इच्छिणाऱ्याला पर्यायांची वाण नाही. बहुतेक ठिकाणी अट एवढीच की हाती आधी पदवी असली पाहिजे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचा सामुदायिक आरोग्य विभाग आहे. त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या अध्यापकांनी १९८४ साली सुरू केलेला आणि आज ‘सोचारा’ या नावाने ओळखला जाणारा कम्युनिटी हेल्थ सेल आहे. भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे केंद्र आहे, शिवाय खासगी विद्यापीठांचे ‘एमपीएच’ अभ्यासक्रम आहेतच. पण तुमकूर, कोलार किंवा बेळगाव जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून बारावी होऊन आलेल्या मुलीने ‘मला सार्वजनिक आरोग्यात काम करायचे आहे, कुठे शिकू?’ असे विचारले, तर उत्तर देताना अडखळायला होते. परिचारिका हो, असे सांगता येते. राज्याच्या पॅरामेडिकल मंडळाची आरोग्य निरीक्षक पदविका आहे, असेही सांगता येते. मात्र ती पूर्ण केल्यावर नोकरी कोठे मिळेल, बढती कशी होईल आणि पुढचे शिक्षण कोणते, या तीन प्रश्नांची खात्रीलायक उत्तरे तिला कोणी देत नाही. वरचे मजले सजले आहेत. जिन्याच्या खालच्या पायऱ्या मात्र बांधायच्या राहून गेल्या आहेत.

ही उणीव केवळ त्या मुलीची नाही. रुग्णालय दाराशी आलेल्याची काळजी घेते. सार्वजनिक आरोग्याला मात्र न आलेल्याच्या दाराशी जावे लागते. पाण्याची टाकी उघडून पाहणे, ताप किती दिवसांचा आहे हे विचारणे, गोळ्या का थांबवल्या याची चौकशी करणे, बाळाचे वजन करणे, ही सारी कामे दुसऱ्याच्या घरात शिरून करायची असतात. पहिल्या दिवशी आत घेतले जाणे सोपे. पुढच्या आठवड्यात पुन्हा आत घेतले जाणे हे खरे कौशल्य. ते कोणाला शिकवायचे आणि शिकलेल्याला समाजाने काय स्थान द्यायचे, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षे जुना आहे.

मराठी वाचकाला पुण्याची १८९७ सालची प्लेगची साथ सांगण्याची गरज नाही. घरझडतीसाठी सैनिक पाठवले गेले, त्यांचे बूट देवघरापर्यंत पोहोचले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन निधन झाले होते. एकाच शहरात, एकाच साथीत, दुसऱ्याच्या दारात जाण्याचे हे दोन मार्ग. इतिहासाच्या पुस्तकांत पहिला राजकारणाच्या प्रकरणात येतो आणि दुसरा समाजसुधारणेच्या. आरोग्य प्रशासनाच्या प्रकरणात मात्र दोन्ही एकत्र वाचायला हवेत.

वर्षभराने, ऑगस्ट १८९८ मध्ये, हुबळीकडून येणाऱ्या रेल्वेमार्गाने प्लेग बेंगळुरूत पोहोचला. म्हैसूर संस्थानाने प्लेग कमिशनर म्हणून नेमलेले अधिकारी होते व्ही. पी. माधवराव. कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी घराण्यातले. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. बेंगळुरूत सगळे सामोपचाराने झाले, असे म्हणता येणार नाही. सक्तीच्या स्थलांतराविरुद्ध असंतोष होता आणि श्रीरंगपट्टण परिसरात दंगाही झाला. पण त्या साथीने शहराचा चेहरा बदलला. दाटीवाटीच्या पेठेबाहेर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही रुंद रस्त्यांची, हवेशीर उपनगरे वसली. डिसेंबर १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया रुग्णालय उघडले. आजही जुन्या वस्त्यांतून ‘प्लेगअम्मा’ची लहान मंदिरे दिसतात. रस्ते, रुग्णालय आणि देऊळ अशा तिन्ही रूपांत प्लेगची स्मृती टिकली. घरोघरी फिरून नोंदी करणाऱ्या, चुना टाकणाऱ्या, लस टोचून घ्या म्हणून विनवणाऱ्या माणसांची मात्र ना मंदिरे झाली, ना संवर्ग झाला.

या शहराने या प्रश्नाचे एक उत्तरही शोधले होते, आणि ते देशाने जवळजवळ विसरून टाकले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था बेंगळुरूत स्थापन झाली. सप्टेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. बळ्ळारी रस्त्यावरच्या तिच्या आवारात डॉक्टर, जीवाणूशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रीय दृष्टीचे अभ्यासक एकाच टेबलाशी बसत. क्षयरोगावर औषधे आली होती, पण रुग्ण कोट्यवधींच्या खेड्यांत विखुरलेले; त्यांना शोधायचे कसे? तेव्हाची समजूत अशी होती की खेडूत अज्ञानी असतो, खोकल्याकडे दुर्लक्ष करतो, म्हणून फिरत्या क्ष-किरण गाड्या घेऊन त्याला गाठले पाहिजे.

देबव्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात ही समजूत तपासून पाहिली. आधीच्या सर्वेक्षणात ज्यांच्या छातीच्या चित्रात वा थुंकीत क्षयाची चिन्हे आढळली होती, त्यांच्या घरी जाऊन विचारले: तुम्हाला काय होते, त्याची चिंता वाटते का, त्यासाठी काय केले? १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष डोळे उघडणारे होते. थुंकीत जंतू सापडलेल्या बहुतेक साऱ्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. जवळजवळ तीनचतुर्थांश जणांना त्याची काळजी लागली होती. निम्म्याहून अधिक जण तर स्वतःहून आधुनिक वैद्यकाच्या एखाद्या दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते. म्हणजे अज्ञानी कोण होते? रुग्ण नव्हे, दवाखाना.

या संशोधनाचे मोल निष्कर्षाइतकेच त्याच्या रीतीत आहे. घरी जाऊन, माणसाच्या भाषेत, उत्तर आधीच न ठरवता प्रश्न विचारणे हे प्रयोगशाळेच्या तोडीचे शास्त्रीय काम आहे, हे या संस्थेने मान्य केले. त्यावरच १९६२ पासूनच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची घडण बेतली गेली: फिरत्या गाड्यांवर भिस्त न ठेवता, खोकला घेऊन आलेल्याची थुंकी जवळच्याच दवाखान्यात तपासायची. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याचा एक चमू बेंगळुरूत बोलावून शिकवला जाई. त्यात जिल्हा क्षयरोग अधिकारी हा डॉक्टर असे. बाकीचे म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, उपचार संघटक, बीसीजी पथकप्रमुख आणि संख्याशास्त्रीय सहायक. ‘उपचार संघटक’ हे पद मला नेहमीच मोठे बोलके वाटत आले आहे. उपचार डॉक्टर लिहून देतो, पण ते वर्ष-दीड वर्ष चालू ठेवणे हे संघटनेचे काम आहे आणि ते करणाऱ्याला स्वतंत्र नाव, स्वतंत्र प्रशिक्षण असावे, एवढी समज साठ वर्षांपूर्वी आपल्याकडे होती. त्या काळात या संस्थेच्या उभारणीशी जोडलेले डेन्मार्कचे डॉ. हाफडान माहलर पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९७८ चा अल्मा-आता जाहीरनामा निघाला. ‘सर्वांसाठी आरोग्य’ या घोषणेमागे तुमकूरच्या त्या खेड्यांतला अनुभवही असणार, असे मानायला जागा आहे.

मग या उत्तराचे पुढे काय झाले? अभ्यासक्रमाचे रूपांतर शिबिरात झाले, आणि पदाचे मानधनात. तसे आपल्या समित्यांनी वारंवार योग्य दिशा दाखवली होती. भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, पण त्याच अहवालाने पदवीपेक्षा कमी मुदतीचे वैद्यकीय शिक्षण बंद करून एकाच प्रकारचा ‘मूलभूत डॉक्टर’ घडवण्याची शिफारस केली. समितीतील काही सदस्यांनी त्यास वेगळे मत नोंदवले होते. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये प्रत्येक उपकेंद्रात एक स्त्री आणि एक पुरुष बहुउद्देशीय कर्मचारी असावा, असे सांगितले. केंद्राचा कार्यक्रम स्त्री कर्मचाऱ्याभोवती फिरत राहिला आणि पुरुष कर्मचाऱ्याची पदे अनेक राज्यांत रिकामी राहिली. १९७७ च्या गांधीजयंतीला सुरू झालेल्या योजनेत गावच्या आरोग्य स्वयंसेवकाला तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये ठरले. २००५ मध्ये ‘आशा’ आली, पहिल्या वर्षात २३ दिवसांच्या प्रशिक्षणासह. जामखेडला रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर स्त्रियांना घेऊन जे उभे केले, किंवा गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांकरवी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले, त्यातून ‘थोडक्या प्रशिक्षणात काम होते’ एवढाच धडा सरकारने घेतला. जामखेडला ते प्रशिक्षण कधी संपलेच नव्हते. त्या बाया आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे शिकत राहिल्या. हा भाग फाइलीत उतरला नाही.

मी प्रशासनात असताना आरोग्याच्या आढावा बैठकांत एक गोष्ट हटकून दिसे. उद्दिष्टाचे आकडे डॉक्टर वाचून दाखवत. पण ‘अमुक गावात लसीकरण का अडले?’ असा प्रश्न आला की सगळ्यांच्या माना मागच्या रांगेतल्या आरोग्य सहायिकेकडे वळत. उत्तर तिच्यापाशी असे. बैठकीच्या इतिवृत्तात मात्र तिचे नाव नसे.

आज या क्षेत्रात नोकऱ्या नाहीत, असे नाही. क्षयरोग कार्यक्रमात साधारण दीड ते अडीच लाख लोकसंख्येमागे एक वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक असतो. त्या जुन्या उपचार संघटकाचा हा वारस. त्याची पात्रता वाचण्यासारखी आहे: पदवी किंवा मान्यताप्राप्त स्वच्छता निरीक्षक अभ्यासक्रम, संगणकाचे प्रमाणपत्र, आणि दुचाकी चालवण्याचा कायमस्वरूपी परवाना. सार्वजनिक आरोग्याची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच कोणत्या शासकीय कागदात सापडेल. पण हे पद राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी आहे. रोगसर्वेक्षणातले माहिती व्यवस्थापक, नागरी आरोग्य अभियानातले समन्वयक, प्रयोगशाळा पर्यवेक्षक हेही बहुतेक कंत्राटीच. कायम पदांत उरतात ते आरोग्य निरीक्षक. महाराष्ट्रात नगरपालिकांतील स्वच्छता निरीक्षकासाठी १९२६ साली मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची पदविका वर्षानुवर्षे चालत आली आहे. कर्नाटकाने ग्रामीण भागातील कनिष्ठ आरोग्य सहायकाचे नाव ‘आरोग्य निरीक्षण अधिकारी’ आणि सहायिकेचे ‘प्राथमिक आरोग्य संरक्षण अधिकारी’ असे केले. नावे भारदस्त झाली. निवृत्तीपर्यंत वाट्याला येणारी बढतीची एखाद-दुसरी पायरी मात्र तशीच राहिली. शहरांत तर आरोग्य निरीक्षकाचा दिवस कचऱ्याच्या गाड्या मोजण्यात जातो. रोगाकडे पाहायला त्याला साथ येईपर्यंत फुरसत नसते.

आणि साथ आली की काय होते, ते बेंगळुरूने २०२० मध्ये पाहिले. संपर्कशोधासाठी शिक्षक आणि इतर खात्यांचे कर्मचारी जुंपावे लागले. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सर्वेक्षणाला गेलेल्या आशा कार्यकर्तीला एका वस्तीत घेरण्यात आल्याची बातमी देशभर पोहोचली. पुढे ‘नम्म क्लिनिक’ आली. शहराच्या तेव्हाच्या २४३ प्रभागांत प्रत्येकी एक, अशी योजना. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि एक चतुर्थश्रेणी कर्मचारी असा तिचा आकृतिबंध. योजना स्वागतार्हच, पण या चौघांपैकी दवाखान्याबाहेर पडून वस्तीत जाणे हे कोणाचेही मुख्य काम नाही. २०२४ मध्ये राज्याने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले आणि घरात डासांची पैदास आढळल्यास दंडाची तरतूद केली. शहरी घरासाठी ४०० रुपये. दंड ठोठावायला तरी घरात कोणीतरी गेले पाहिजे! आणि तो माणूस पावतीपुस्तक घेऊन गेला की पुढच्या खेपेला दार किती उघडेल, हा वेगळा प्रश्न.

यावर सामुदायिक महाविद्यालय हा उपाय विचारात घेण्याजोगा आहे. ही कल्पना अमेरिकेची. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे असे पहिले महाविद्यालय निघाले. दोन वर्षांचे, घराजवळचे, स्वस्त आणि स्थानिक कामधंद्याशी जोडलेले शिक्षण हे त्याचे स्वरूप. तेथील अशा अनेक महाविद्यालयांत आज सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची पदवी मिळते आणि पुढे विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येते. ‘समुदाय आरोग्य कार्यकर्ता’ हा तिथल्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात २०१० पासून स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे पुदुच्चेरी आणि चेन्नईत १९९० च्या दशकात असे प्रयोग झाले, आणि २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजना आखली. ती कशीबशी तग धरून आहे, आणि जिथे आरोग्याचा विषय घेतला गेला तिथेही कल रुग्णालयातल्या कामाकडे राहिला. कारण उघड आहे. खासगी रुग्णालय पदविकाधारकाला नोकरी देते. वस्तीचे आरोग्य सांभाळणाऱ्याला नोकरी देणारा एकच, तो म्हणजे सरकार. आणि सरकारच्या सेवाप्रवेश नियमांत त्या पदविकेचे नावच नसेल, तर मुले ती का घेतील?

म्हणून माझे म्हणणे असे की अभ्यासक्रमाआधी पदे ठरली पाहिजेत. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी अभ्यासक्रम सुरू होतो, फी घेतली जाते, दोन तुकड्या बाहेर पडतात आणि मग पात्रतेच्या समकक्षतेवरून न्यायालयात खेटे सुरू होतात. २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने एक दार किलकिले केले आहे. त्याच्या अनुसूचीत समुदाय आरोग्य प्रवर्तक, पर्यावरण संरक्षण अधिकारी, व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा अधिकारी अशा व्यवसायांचा उल्लेख आहे, आणि सहयोगी व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांच्या शिक्षणाची अट आहे. २,००० तास म्हणजे दोन वर्षांची पदविका. तिची अर्धी वेळ वर्गात आणि अर्धी नेमून दिलेल्या प्रभागात गेली पाहिजे. तीच चाळ, तीच झोपडपट्टी, तेच दोनशे-तीनशे घरांचे वर्तुळ दोन वर्षे. बेंगळुरूत तर एकाच गल्लीत कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू आणि उत्तरेकडील बांधकाम मजुरांची हिंदी ऐकू येते. बेळगावहून आलेल्या मुलीची मराठी आणि कन्नड अशी दुभाषी जीभ इथे गुणपत्रिकेत मोजली जावी इतकी मोलाची आहे.

याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, डॉक्टरांच्या संघटनांचा: हे मागच्या दाराने अर्धवट डॉक्टर घडवणे आहे. त्यात तथ्य नाही. औषध लिहून देणे हे या पदविकेचे कामच नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आशा कार्यकर्तींकडून येतो. पंधरा-अठरा वर्षे उन्हातान्हात फिरलो, आता कोणी पदविकावाली येऊन आमच्या डोक्यावर बसणार का? जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कवर कडाक्याच्या थंडीत या बायका दिवसरात्र बसल्या, तेव्हा त्यांना दरमहा किमान १०,००० रुपयांचे आश्वासन मिळाले. मागणी पैशांची होती, पण घोषणांमधून ऐकू येत होता तो दर्जाचा प्रश्न. तेव्हा पदविकेच्या निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखून, त्यांच्या अनुभवाचे तास त्या २,००० तासांत धरून, आणि अभ्यासाच्या काळात मानधन चालू ठेवूनच हा अभ्यासक्रम सुरू व्हायला हवा. वयाची अट त्यांना लागू नसावी. चाळिशीतल्या बाईने पुन्हा बाकावर बसावे, यात सामुदायिक महाविद्यालयाच्या मूळ कल्पनेला धरूनच सारे आहे.

तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय १९२० च्या दशकापासून आणि स्वतंत्र कायदा १९३९ पासून आहे. तिथला आरोग्य निरीक्षक रुग्णालयाच्या अधीक्षकाच्या नव्हे, सार्वजनिक आरोग्याच्याच साखळीत काम करतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांना असा संवर्ग उभारायला सांगितले आणि केंद्राने २०२२ मध्ये त्याचा आराखडाही दिला. त्या आराखड्यावरची चर्चा मुख्यतः डॉक्टरांच्या संवर्गाभोवती फिरली: कोणाला संचालक होता येईल, कोणाची सेवाज्येष्ठता कशी मोजायची. खालच्या टोकाला किती पदे, कोणत्या पात्रतेची, आणि तिथून वर किती पायऱ्या, या तपशिलात फारसे कोणी शिरले नाही.

सप्टेंबर २०२५ पासून बेंगळुरूचा कारभार पाच महापालिकांत विभागला गेला आहे. पाचही महापालिकांना आपापले आरोग्य खाते आणि त्याचा आकृतिबंध बसवावा लागणार आहे. प्रत्येक प्रभागात एक पदविकाधारक समुदाय आरोग्य निरीक्षक, पाच प्रभागांमागे एक पर्यवेक्षक, पर्यवेक्षकाला नोकरीत राहून पदवी घेण्याची सवलत, आणि पदवीनंतर विभागीय आरोग्य अधिकाऱ्याच्या साहाय्यकपदापर्यंतची वाट, एवढे चार ओळींचे नियम आत्ता लिहून घेता येतील. कचऱ्याच्या गाड्या मोजण्याचे काम त्या चार ओळींत घालू नये. आणि दुचाकीच्या परवान्याची अट ठेवायची असेल, तर दुचाकीच्या इंधनाचा भत्ताही त्याच परिच्छेदात लिहावा. पुढच्या परिपत्रकावर सोडलेली गोष्ट कधी येत नाही, हे फायलींच्या सहवासात आयुष्य काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे.